भाषेचा सातबारा

कोणतीही वस्तू वापरण्यापूर्वी ती कोणाच्या नावावर आहे हे पाहावे, हा सुसंस्कृत समाजाचा पाया आहे. जुन्नर तालुक्यात हा पाया फार खोल गेलेला आहे (थोडा शेजाऱ्याच्या हद्दीतही गेलेला आहे, पण प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यामुळे त्यावर बोलता येत नाही). इथला माणूस एकवेळ स्वतःचं वय सांगताना अडखळेल, पण गट नंबर विचारला तर झोपेतून उठून सांगेल. अशा मुलखात कंप्युटरच्या भाषेचा मालक कोण, हा प्रश्न कधी ना कधी निघणारच होता. तो राजुरीहून ओझरकडे जाताना लागणाऱ्या खडकदरे बुद्रुक या गावी निघाला, याचं सगळं श्रेय निवृत्त तलाठी गेणू तात्यांना जातं.

तात्यांनी उभं आयुष्य लोकांच्या जमिनी लिहिण्यात घालवलं. त्यांच्या हातच्या नोंदीवर कधी कुणी हरकत घेतली नाही, कारण त्यांचं अक्षर कुणाला लागत नसे. नोकरीतून ते निवृत्त झाले, पण त्यांचा स्वभाव सेवेतच राहिला. बांधावरच्या आंब्याची सावली दुपारनंतर कोणाच्या वावरात पडते, यावरून भांडणाऱ्या दोन भावांत त्यांनी समेट घडवून आणला होता (दोघे आता ढगाळ दिवशी बोलतात). पत्नी लंकाबाई यांच्यावर त्यांचा जीव होता. हे त्यांनी कुठे लिहून दिलेलं नव्हतं, तरी सगळ्या गावाला ठाऊक होतं.

लंकाबाईंचा गोठा मळ्यात होता. गोठ्याला लागून ऊस होता. हा ऊस कागदोपत्री चांगदेव बागाईतदाराचा असला तरी प्रत्यक्ष कब्जा बिबट्याचा होता. डेअरीची गाडी उजाडताना येते, म्हणून लंकाबाईंना त्याच्याही आधी, पायाखालचं नीट दिसत नसताना, धार काढायला जावं लागे. गावात माणसं अठराशे, मोबाईल एकवीसशे. बिबट्यांची संख्या उपलब्ध नाही (त्यांनी पाहणीला प्रतिसाद दिला नाही). एके दिवशी बिबट्याने तात्यांच्या अंगणातून कुत्रं नेलं. लंकाबाई म्हणाल्या, ‘‘गेलं बिचारं,’’ आणि किटली घेऊन मळ्याकडे निघाल्या. तात्या मात्र दारात उभे राहून त्या वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा अशा गोष्टीची भीती वाटत होती, जिचा गट नंबर त्यांना माहीत नव्हता.

म्हणून सुट्टीला घरी आलेल्या सुनेला, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या समृद्धीला, त्यांनीच गळ घातली.

‘‘पोरी, तुज्या त्या कंप्युटरात असं काय करता येतंय का, का बिबट्या दिसला की समद्या गावाला कळंल?’’

समृद्धीने ते सुट्टी संपायच्या आत करून दाखवलं. बिबट्या दिसला की फोनवरचं लाल बटण दाबायचं. गावच्या हद्दीत ज्या ज्या फोनवर हे ॲप असेल त्या सगळ्यांवर भोंगा वाजायचा आणि बिबट्या कुठल्या वस्तीजवळ आहे ते दिसायचं. मारुतीच्या देवळातल्या सभामंडपात तिने सगळ्यांसमोर बटण दाबलं. सरपंच सुदर्शनच्या अँड्रॉइडवर भोंगा वाजला. चांगदेवच्या आयफोनवर वाजला (गावातला हा एकच आयफोन, त्यामुळे चांगदेवने तो हवेत धरून सगळ्यांना ऐकवला). पंचायतीच्या ऑफिसातल्या कंप्युटरवरही वाजला, आणि त्या कंप्युटरचा आवाज पहिल्यांदाच ऐकलेल्या ग्रामसेवकाने दचकून चहा सांडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या सहजासहजी एखादी गोष्ट झाली, की आपल्याकडे जाणत्या माणसाला बरं वाटत नाही. तात्या उभे राहिले.

‘‘ह्ये तू लिव्हलंस त्ये कुठल्या भाषेत?’’

समृद्धीने भाषेचं नाव सांगितलं.

‘‘ती भाषा कुनाच्या नावावर हाय?’’

‘‘तात्या, एका मोठ्या परदेशी कंपनीने केलीये ती. पण सगळ्यांना खुली आहे, फुकट आहे. एकदा लिहिलं की सगळ्या प्रकारच्या फोनवर चालतं, कंप्युटरवर चालतं. म्हणून तर घेतली. नाहीतर प्रत्येकासाठी वेगळं लिहीत बसावं लागलं असतं.’’

‘‘खुली हाय त्ये कळलं. मालकी कुनाची?’’

‘‘मालकी कंपनीचीच.’’

‘‘आन आपन कोन?’’

‘‘आपण वापरणारे.’’

‘‘म्हंजी वहिवाटदार,’’ असं म्हणून तात्या खाली बसले. सभामंडपातल्या टाळ्या बंद झाल्या.

बाहेरच्या वाचकाला या शांततेचं वजन कळणार नाही. खडकदरे बुद्रुकमधल्या प्रत्येक घराने कधी ना कधी ‘‘जावा की राव, वाट काय आमची एकट्याची हाय व्हय?’’ हे प्रेमळ वाक्य ऐकलेलं आहे, आणि पुढच्याच सुगीला त्या वाटेवर काटेरी तार पाहिलेली आहे. वाट दिली त्या माणसाचं मन मोठं असतं. तार लावतो तो त्याचा मुलगा. त्यामुळे कंपनी आज भली असली तरी कंपनीचा मुलगा कसा निघेल, ही शंका कुणीच हसण्यावारी नेली नाही. समृद्धीने सांगून पाहिलं, की भाषेची सगळी अंतर्गत रचना जगजाहीर आहे, उद्या कंपनीने हात वर केले तरी जगातले लोक ती पुढे चालवू शकतात. त्यावर तात्यांनी विचारलं, ‘‘त्या जगातल्या लोकांच्या सह्या हायेत का कुठं?’’ सह्या नव्हत्या.

त्याच बैठकीत ‘बिबट्या सूचना ॲप भाषा-मालकी पडताळणी समिती’ स्थापन झाली. अध्यक्ष तात्या, सचिव सरपंच सुदर्शन, आणि इतर बनावटीच्या फोनांचे प्रतिनिधी म्हणून चांगदेव. महिला प्रतिनिधी म्हणून लंकाबाईंचं नाव घेण्यात आलं. समितीच्या बैठका धारेच्या वेळेला असल्यामुळे त्यांना एकदाही येता आलं नाही, पण त्यांची उपस्थिती प्रत्येक वेळी नोंदवली गेली.

समितीने प्रश्नाचा अभ्यास वरवर केला असं कुणी म्हणू नये. कंपनीच्या भाषेऐवजी जे जे पर्याय समृद्धीने फोनवरून कळवले, त्या प्रत्येकाची तात्यांनी कसून छाननी केली. एक भाषा एका विश्वस्त संस्थेच्या मालकीची निघाली. म्हणजे देवस्थानची जमीन. कसायला मिळते, पण विश्वस्त आपसांत भांडले की पीक उभंच राहतं. दुसरी भाषा एका गृहस्थाने हौसेपोटी तयार केली होती आणि तो एकटाच तिची निगा राखत होता. समितीला या माणसाबद्दल आदर वाटला, पण त्याला मूलबाळ नसल्याचं कळताच वारस नोंदीचा प्रश्न उभा राहिला. तिसरा पर्याय म्हणजे प्रत्येक फोनच्या कंपनीची आपापली वेगळी भाषा घेऊन काम दोनदा करायचं. याला चांगदेवचा पाठिंबा होता, कारण त्यात त्याच्या आयफोनसाठी एक अख्खी भाषा स्वतंत्र मिळत होती. पण एका घरात दोन चुली आल्या की पुढे काय होतं हे समितीतल्या तिघांनीही स्वतःच्या घरी पाहिलेलं होतं.

राहता राहिला चौथा पर्याय: गावाची स्वतःची भाषा. ही सर्वांच्या सामाईक मालकीची असणार होती, म्हणजे सगळ्या भावक्यांच्या सह्यांशिवाय तिच्यात काही बदलता येणार नव्हतं. भावक्यांना कामं वाटून देण्यात आली. अटी लिहायचं काम वरच्या आळीला मिळालं आणि अट पूर्ण झाल्यावर काय करायचं ते लिहायचं काम खालच्या आळीला. वरच्या आळीने ‘बिबट्या दिसला तर’ इथवर चोख काम केलं. पुढचं खालच्या आळीने लिहिलं नाही, कारण वरची आळी सांगणार आणि आपण करणार, ही कुठली पद्धत?

समृद्धी फोनवर काकुळतीला आली. ‘‘तात्या, नवी भाषा करायला वर्षं जातात हो. आणि समजा केलीच, तरी ती ज्या फोनवर चालणार ते फोन तरी कुठे आपले आहेत? तेही कंपन्यांचेच.’’

‘‘फोनचा इषय फुडल्या बैठकीत घेऊ,’’ तात्या म्हणाले.

या कार्याची कीर्ती पसरत गेली. आंबेगाव तालुक्यातल्या एका गावाचं शिष्टमंडळ जीप करून अभ्यासाला आलं. त्यांच्याकडेही बिबट्याचा त्रास होता. त्यांनी दोन तास सगळं समजून घेतलं, जेवण केलं, आणि परत जाऊन ॲप वगळून नुसती समिती स्वीकारली.

आता मूळ ॲपचं काय, हा मुद्दा आला. ते अजून गावातल्या फोनांवर होतं आणि दिसेल त्या बिबट्याला वाजत होतं. परक्याच्या जागेत केलेलं बांधकाम कितीही उपयोगी असलं तरी ते अतिक्रमणच, असा निर्वाळा तात्यांनी दिला आणि ठराव झाला: मालकीचा निकाल लागेपर्यंत प्रत्येक ग्रामस्थाने ॲप आपापल्या फोनवरून काढून टाकावे आणि काढल्याची सही पंचायतीत द्यावी. या ठरावाला मिळालेला प्रतिसाद तालुक्याच्या इतिहासात अभूतपूर्व आहे. सह्या शंभर टक्के आल्या. (ज्यांच्याकडे फोनच नाही अशांनीही केल्या.)

तात्यांनी सहीही केली आणि ॲपही काढलं. स्वतःच्या फोनवरून काढलं, मग चुलीपुढे बसलेल्या लंकाबाईंचा फोन मागून घेतला.

‘‘ऱ्हाऊ द्या की हो,’’ लंकाबाई म्हणाल्या. ‘‘त्यो भोंगा काय खायाला मागतोय व्हय?’’

‘‘अगं, दुसऱ्याच्या जाग्यात हुबं ऱ्हाऊन वरडायचं, ही काय रीत झाली का?’’

‘‘मंग बिबट्या कुनाच्या जाग्यात हुबा ऱ्हातो?’’

‘‘त्याचा इषय येगळा,’’ तात्या म्हणाले आणि फोन परत दिला. त्यांनी तिला नवी बॅटरी आणि घुंगरू लावलेली काठी आणून दिली. दोन्ही त्यांनी स्वतः नारायणगावला जाऊन निवडून घेतलेल्या होत्या. हे इथे नमूद करणं भाग आहे, कारण तात्यांना बायकोची काळजी नव्हती असं पुढे काही जणांनी म्हटलं, आणि ते साफ खोटं आहे.

त्यानंतर एका सोमवारी, उजाडायच्या सुमारास, बिबट्या उसातून बाहेर आला आणि मळ्याच्या वाटेवर बसला. खालच्या वस्तीवरच्या कुणीतरी त्याला पाहिलं आणि बटण दाबलं. त्याबरोबर ज्या गावाने शंभर टक्के सह्या केल्या होत्या, त्या गावात घराघरांतून भोंगे वाजू लागले. उशांखाली वाजले, दिवळ्यांत वाजले, न्हाणीघरात वाजले. लोकांनी पटापट आवाज दाबले, दारं लावली आणि पोरांना आत घेतलं. व्यवस्था उत्तम चालली. लंकाबाईंचा फोन पदराच्या गाठीला बांधलेल्या पिशवीत होता. तो गप्प होता.

सुदर्शनला त्या वाटेवर त्या वेळेला कोण असतं हे माहीत होतं. त्याने तात्यांना फोन लावायला घेतला. मग त्याच्या लक्षात आलं, की बिबट्याचं तुला कसं कळलं असं तात्यांनी विचारलं, तर काय सांगायचं? तो समितीचा सचिव होता. ठरावाखाली पहिली सही त्याची होती. त्याने फोन खाली ठेवला. चांगदेवला वाटलं, सरपंचाने कळवलंच असेल. बाकीच्यांना वाटलं, समितीतल्या माणसांनी कळवलंच असेल. कुणाच्याही मनात काही वाईट नव्हतं, हे सगळ्यांनी नंतर देवाची शपथ घेऊन सांगितलं, आणि ते खरंच आहे.

लंकाबाई धार काढून परत निघाल्या होत्या. बिबट्याने त्यांचा उजवा हात धरला. त्यांनी डाव्या हातातली भरलेली किटली त्याच्या तोंडावर हाणली आणि पुन्हा हाणली, आणि तो दुधाने माखलेला उसात गेला. त्यांची हाक ऐकून तात्या अनवाणी धावत गेले. जीपमधून नेताना तात्या बायकोचं डोकं मांडीवर घेऊन सारखं एकच म्हणत होते, ‘‘म्याच काढलं गं. ह्या हातानं म्याच काढलं.’’ हा माणूस लोकांच्या वाटण्या करताना कधी गहिवरला नव्हता. तो दवाखाना येईपर्यंत रडत होता, आणि आपण रडतोय याची त्याला लाजही वाटत नव्हती.

दवाखान्यात गाव लोटलं. दुःखाच्या प्रसंगी गाव लोटतं, हे आपल्याकडचं वैभव आहे. लोक बिस्किटं घेऊन आले, खाटेच्या कडेवर बसले आणि बिस्किटं खात आपली मतं सांगू लागले.

‘‘म्या काय म्हनतो तात्या,’’ चांगदेव म्हणाला, ‘‘ह्ये असं झालंय तर आता कंपनीचीच भाषा ऱ्हाऊ द्यावी का?’’

‘‘लगीच असं न्हाई म्हनता यायचं,’’ सुदर्शन म्हणाला. ‘‘उंद्या कंपनीनं तार घातली म्हंजी? त्यापरीस ट्रस्टची बरी.’’

वारसाचा मुद्दा पुन्हा निघाला. ज्या गृहस्थाला मूलबाळ नव्हतं त्याने दत्तक घेतलं तर चालेल का, यावर चर्चा रंगली. शेवटी आवाज वाढले म्हणून नर्सने सगळ्यांना बाहेर काढलं, आणि दार लावताना हळूच विचारलं, ‘‘पण म्हणजे मालक कंपनीच राहणार का?’’ खाटेवर लंकाबाई डोळे मिटून पडल्या होत्या. तात्या त्यांच्या डाव्या हातावरून हात फिरवत होते.

चौकशीची बैठक सभामंडपात झाली. अहवाल सुदर्शनने वाचला. त्यातला तर्क निर्दोष होता: ठरावाप्रमाणे गावातल्या कोणत्याही फोनवर ॲप नाही, ॲप नाही म्हणजे भोंगा वाजलेला नाही, भोंगा वाजलेला नाही म्हणजे कुणाला काही कळलेलं नाही, सबब घटना पूर्वसूचनेअभावी घडली असून त्यास कोणीही जबाबदार नाही.

‘‘कुनाच्याच फोनात न्हाई?’’ तात्यांनी विचारलं.

‘‘सह्या हायेत तात्या. तुमीच घेतल्यात.’’

तेवढ्यात सभामंडपातल्या सगळ्या खिशांमधून भोंगा वाजला.

तो चांगला लांब वाजला. कुणीही खिशात हात घातला नाही, कारण हात घालणं म्हणजे कबूल करणं. सगळे छताकडे बघत बसले. चांगदेवच्या खिशातला आयफोन दिवाही मारत होता. तात्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांचा स्वतःचा फोन तेवढा शांत होता. बाहेर कुठेतरी बिबट्या आहे हे लक्षात येऊन ते उठले आणि त्यांनी देवळाचं दार आतून लावलं. कारण ते दुसरं कुणी लावलं नसतं.

‘‘म्हंजी त्या दिशी समद्यांला कळलं व्हतं,’’ ते म्हणाले.

‘‘तुमाला फोन करनारच व्हतो तात्या,’’ सुदर्शन म्हणाला. ‘‘पन तुमी अध्यक्ष. तुमच्या मनाला लागंल, म्हनून...’’

चांगदेव म्हणाला, ‘‘इषय भाषेचा चाललाय. भाषेवर बोला की राव.’’ सगळ्यांना हायसं वाटलं. पुढचे दोन तास बंद दाराआड भाषेवर अतिशय मोकळी चर्चा झाली. तात्यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. तो स्वीकारायचा की नाही यासाठी उपसमिती नेमण्यात आली.

समृद्धी पुण्याहून आली, आणि तिने सासऱ्याच्या आणि सासूच्या फोनवर ॲप परत घातलं. तात्यांनी समोर बसून घालून घेतलं. मालक कोण, हे त्यांनी विचारलं नाही.

आता तात्या घरीच असतात. सकाळी धार तेच काढतात (गायी अजून रुळलेल्या नाहीत), आणि दिवसभर ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. माणसं येतात. जुन्नरहून येतात, तिकडून घोडेगाव-मंचरहून येतात, पुण्याहून शिकलेली पोरं गाडी घेऊन येतात. पाणी पितात, जरा घुटमळतात आणि विचारतात, की शेवटी ठरलं काय? एका कंपनीच्या मालकीची भाषा सगळ्या प्रकारच्या फोनांसाठी घ्यावी की न घ्यावी? तात्या आलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहतात. हा तरी आणखी काही विचारेल, असं त्यांना वाटतं. तो विचारत नाही. आत लंकाबाई बसलेल्या असतात. त्यांच्या उजव्या हाताचं पुढे काय झालं, हे या गोष्टीत अजून कुठेही आलेलं नाही, आणि तरीही कुणाचं अडलेलं नाही.

तुमच्या मनात ते होतंच म्हणा. पण आधी भाषेचं काय ठरलं ते कळू दे, असं तुम्हाला वाटलं.